भिकनभाईंचा मीटर

आबा पावणेसातला घरून निघायचे आणि मी सातला. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघांना एकच शेअर रिक्षा मिळाली असती, पण हे पंधरा मिनिटांचं अंतर मीच ठरवून दिलं होतं. मी नदीच्या घाटावर पोचायचे तेव्हा ते बोटीतला दोर उलगडत बसलेले असायचे. मला पाहून उठायचे आणि म्हणायचे, "गुड मॉर्निंग, मॅडम."

स्वतःच्या बापाला सकाळी सकाळी उठून उभं राहायला लावणारी मुलगी अख्ख्या सुरतेत मी एकटीच असेन. मी उत्तरही द्यायचे नाही. नुसती मान हलवायचे आणि बॅगेतून कागद काढायला लागायचे, कारण तोंड उघडलं तर आवाजातून घर बाहेर पडेल अशी धास्ती होती.

हे कसं सुरू झालं ते सांगते. माझी बाजू मांडते आहे असं समजू नका, मला बाजूच नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी नदीचा तळ मोजणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागले. मुलाखतीत चेतनसरांनी विचारलं, वडील काय करतात. मी म्हणाले, "टेक्स्टाइलमध्ये आहेत." सुरतेत हे उत्तर फार सोयीचं आहे. त्यात मार्केटमधला गाळेवाला शेठही बसतो आणि त्याच्या गोदामात दिवसभर उभ्यानं कापडाचे ताके मोजून घड्या घालणारा माझा बापही बसतो. सरांनी पहिला अर्थ घेतला आणि मी तो घेऊ दिला.

आबांनी एकतीस वर्षं घड्या घातल्या. अमळनेरकडच्या गावातून विसाव्या वर्षी आले ते थेट त्या गोदामात उभे राहिले. पुढे घडीचं मशीन आलं आणि आबा घरी बसले. बसले म्हणजे नावाला, हात काही बसेनात. वर्तमानपत्र, चादरी, दोरीवर वाळणाऱ्या शेजारणींच्या साड्या, सापडेल ते घडी करून ठेवायचे. शेजारणींनी मग साड्या दुसरीकडे वाळत घालायला सुरुवात केली. दोन वर्षं ते बघून माझा जीव कासावीस झाला. दिवाळीनंतर बोटीवर दोर, साखळी आणि नांगर सांभाळायला माणूस हवा होता, तेव्हा मी सरांना म्हणाले, "आमच्या भागातला एक माणूस आहे. भिकनभाई. अगदी भरवशाचा."

आमच्या भागातला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी ते बोलताना माझे कान तापले होते.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं, घाटावर नातं दाखवायचं नाही ही अट मात्र भिंतीकडे बघून सांगितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुले जसं बरं वाटी तसं कर. तठे तू कोन, मी कोन." आई भाकरी थापत होती, तिचा हात तेवढा थांबला. मॅडम म्हणायचं हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. माझ्याशी हिंदीत बोलायचं हेही त्यांचंच. आमच्या घरात अहिराणीशिवाय दुसरी भाषा कधी बोलली गेली नव्हती, आणि आता माझा बाप मला 'आप बैठिए' म्हणत होता. आई दोन डबे भरायची. माझ्या डब्यात चपाती, त्यांच्या डब्यात कळण्याची भाकरी, एवढी काळजी मी घेतली होती.

काम तसं थोडक्यात सांगता येतं. पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सुटलं की ते पुलाच्या खांबांशी घुमतं आणि पायाजवळची वाळू उकरून नेतं. वरून काही दिसत नाही. म्हणून हिवाळ्यात, पाणी शांत असताना, बोटीच्या अंगाला एक सेन्सर पाण्यात बुडवून आम्ही पुलाखाली फेऱ्या मारतो. सेन्सर खाली आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, आणि किती वेळात आला त्यावरून खोली कळते. गेल्या वर्षीची खोली आणि यंदाची खोली शेजारी ठेवली की तळ किती झिजला ते समजतं.

पण पाण्यात आवाज किती वेगानं पळतो हे दरवेळी ताडून घ्यावं लागतं. त्यासाठी लोखंडी थाळी साखळीला बांधून सेन्सरच्या खाली सोडतात. साखळीवर मीटरमीटरवर खुणा असतात. थाळी दहाच्या खुणेवर असताना यंत्रानं दहा दाखवलं पाहिजे. दाखवलं नाही तर दाखवेपर्यंत वेगाचा आकडा बदलायचा. म्हणजे सगळी मदार शेवटी त्या साखळीवर. लाखो रुपयांचं यंत्र साखळीचं ऐकतं.

जानेवारीत ती साखळी आमच्या नावाड्याच्या, ठाकोरकाकांच्या, हातातून सुटून नदीत गेली. पतंगांचं उत्तरायण नुकतंच झालं होतं, पुलावरून लोंबणाऱ्या मांज्यानं त्यांचं बोट कापलं आणि त्यांनी हात झटकला. भागळच्या दुकानातून नवी साखळी आणली. तिच्यावर खुणा नव्हत्या. आबांनी पिशवीतून साडीच्या काठाच्या रंगीत चिंध्या काढल्या, घाटाच्या पायरीवर साखळी पसरली आणि हात लांब करकरून मीटर घ्यायला लागले. एक हात छातीशी, दुसरा बाजूला ताणलेला, की गाठ. की पुढची गाठ. दहा खुणा झाल्या तेव्हा माझा चहा अर्धाही संपला नव्हता.

मला अभिमान वाटला. खरंच वाटला. लहानपणी मी मैत्रिणींना सांगायचे की माझ्या आबांच्या मीटरमध्ये एका बोटाचाही फरक पडत नाही. पण अभिमान कुठे दाखवायचा? मी चहाच्या कपात बघत राहिले.

आबा साखळी घेऊन माझ्याजवळ आले. "मॅडम, एक बार टेप लगाके देख लो."

पोलादी टेप माझ्या बॅगेतच होती. साखळीच्या एका टोकाला त्यांनी बसायचं, दुसऱ्याला मी, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात चेतनसरांची गाडी घाटाच्या उतारावर वळली. मला डोळ्यांसमोर दिसलं, मी आणि आबा पायरीवर डोक्याला डोकं लावून वाकलोय आणि सर वरून बघताहेत. आमची नाकं सारखी आहेत. सगळे म्हणतात.

"राहू द्या, ठीक आहे," मी म्हणाले.

"देख लेते तो अच्छा था."

"ठीक आहे म्हटलं ना, भिकनभाई."

ते साखळी घेऊन बोटीत गेले. फॉर्मवर एक ओळ असते, 'खुणा पोलादी टेपने तपासल्या'. तिच्यापुढे मी 'होय' लिहिलं आणि खाली सही केली.

थाळी दहाच्या खुणेवर सोडली, यंत्र नऊ पूर्णांक ऐंशी दाखवत होतं. मी वेगाचा आकडा वाढवत नेला तेव्हा कुठे दहा आलं. त्या गार पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला चौदाशे नव्वदच्या आसपास असायला हवा, माझ्याकडे पंधराशे वीस झाला होता. शिकलेल्या माणसाच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. मी म्हटलं, पाण्यात वरून काही मिसळत असेल. यंत्रावर, पाण्यावर, सगळ्यांवर शंका घेतली, एका साखळीवर घेतली नाही, कारण तिच्यावर शंका घ्यायची तर तिच्यापाशी जाऊन बसावं लागलं असतं.

तीन दिवस फेऱ्या मारल्या. आकडे गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवले आणि मी उडालेच. तळ सगळीकडे खाली गेला होता. चौथ्या खांबाजवळ तर वीस सेंटीमीटर. तिथला खड्डा गेल्या वर्षीच धोक्याच्या मर्यादेपासून पंधरा सेंटीमीटर वर होता, यंदा त्यानं ती ओलांडली होती. माझी पहिली मोठी नोंद. मी सरांना दाखवली तेव्हा माझा आवाज कापत होता, आणि भीतीपेक्षा त्यात आनंद जास्त होता. सरांनी ताबडतोब संबंधितांना फोन केला. दुसऱ्या दिवसापासून पुलावरून बस आणि ट्रक बंद झाले.

आमच्या गल्लीला ते लगेच जाणवलं. शेजारचा वाल्मिक इच्छापोरला कारखान्यात जातो. कंपनीची बस आता लांबच्या पुलावरून वळसा घालून जायला लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आबांच्या ओट्यावर येऊन बसला. मी आत कपडे आवरत होते.

"भिकनदादा, हाऊ पूल कव्हय उघडी?" तो म्हणाला. "दोनदा गेट बंद व्हयनं. दोनदा परत धाडं माले."

"आरे, पूल पडता तं?" आबा म्हणाले. "मनी आंडेरनी पकडं ते. तीन दिन पान्यामा बठीसन पकडं. तू उशिरा गया तं काय व्हयनं, जित्ता तं शे."

वाल्मिक हसला. आत मीही हसले. आबा गल्लीत माझी आंडेर, माझी पोर, म्हणून छाती फुगवत होते आणि घाटावर उभे राहून मॅडम म्हणत होते, आणि मला त्यात काही विचित्र वाटायचंही बंद झालं होतं.

पाचव्या दिवशी चेतनसरांनी सगळ्यांना घाटावर बोलावलं. बोट काठाला बांधलेली होती. ठाकोरकाका पिशवीतून पोंक, ज्वारीचा कोवळा हुरडा, खात होते. सरांच्या हातात माझा तक्ता होता.

"चौथ्या खांबाखाली काँक्रीटचा चौथरा आहे," ते म्हणाले. सर गुजराती, पण माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलतात. "पाण्याखाली सहा मीटरवर. तुझ्या आकड्यांत तो बारा सेंटीमीटर खाली गेलाय."



"वाळू वाहून जाते, वर्षा. काँक्रीट जातं का? आणि चौथरा खाली गेला असता तर वरचा पूल काय त्याची वाट बघत हवेत थांबला असता?" त्यांनी पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. "जितकं खोल तितकी झीज जास्त. अगदी हिशोबात. नदी इतकी शिस्तीची नसते. साखळी काढा."

आबांनी साखळी आणून पायरीवर पसरली. सरांनी स्वतः टेप लावली. एका टोकाला ठाकोरकाका बसले. पहिली खूण अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरवर होती. दुसरी एकशे शहाण्णववर. दहावी नऊ मीटर ऐंशीवर. प्रत्येक मीटर बरोबर एक बोट कमी, आणि साखळीचं ऐकून यंत्रानं नऊ ऐंशीला दहा म्हटलं होतं. खुणा इतक्या सारख्या अंतरावर होत्या की चूक म्हणायलाही जीभ रेटेना. आबा त्या टेपकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता, गोदामातून काढलं त्या दिवशीसुद्धा नाही.

"कोणी बांधल्या या?" सरांनी विचारलं.

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला आजही पाठ आहे. मी म्हणाले, "भिकनभाईंनी."

"फॉर्मवर तुझी सही आहे. टेपनं तपासल्या म्हणून."

"ते म्हणाले बरोबर आहेत," मी म्हणाले. "म्हणून मी..."

ठाकोरकाकांचं पोंक खाणं थांबलं. मी आबांकडे बघितलं नाही. पायरीवरच्या एका लाल चिंधीकडे बघत राहिले. आईच्या जुन्या साडीचा काठ होता तो, मला आत्ता ओळखू आला.

"हां साहब," आबांचा आवाज आला. "गलती मेरी है. मॅडमने तो टेप मांगा था. मैंनेच बोला, जरूरत नहीं."

मी अर्धवट सोडलेलं खोटं त्यांनी पूर्ण करून दिलं. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचे तसं, कडा दुमडून, व्यवस्थित.

सर जरा वेळ आमच्याकडे बघत राहिले. दोघांकडे. मग म्हणाले, "भिकनभाई, उद्यापासून तुम्ही येऊ नका." आबांनी अंगातलं लाइफ जॅकेट काढलं, त्याचे पट्टे एकावर एक घडी करून बोटीच्या फळीवर ठेवले, डब्याची पिशवी घेतली आणि पायऱ्या चढून गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. मी सरांसमोर उभी राहून पुढच्या फेऱ्यांचं वेळापत्रक लिहून घेत होते.

संध्याकाळी घरी गेले तर आबा ओट्यावर नव्हते, आत भिंतीला टेकून बसले होते. आईला त्यांनी काम संपलं एवढंच सांगितलं होतं. मला पाहून म्हणाले, "तुनी नोकरी राहिनी ना?"

मी हो म्हणाले. मला वाटलं आता बोलतील. बापानं चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या पदरात बांधून घेतल्या असत्या. ते बोलले, पण माझ्याबद्दल नाही.

"नवा नवा लागनू तव्हय खुंटी बरोबर मीटरवर व्हती," ते म्हणाले. घडीच्या टेबलाला दोन टोकांना दोन खुंट्या असायच्या, कापड या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणलं की एक मीटर, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. "मंग एक दिन शेठनी ती एक बोट मझार ठोकी. कोनले सांगू नको म्हने. मी नही सांगं. शंभर मीटर लिखेल ताकामा अठ्ठ्याण्णव जाये. एकतीस साल मी मोजं."

खुंटी एक बोट आत, म्हणजे प्रत्येक मीटर एक बोट कमी. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"माले वाटे, खोट खुंटीमा शे, मना हातमा नही," आबा म्हणाले. "खुंटी तठेच राहिनी. हात मना संगे ऊना."

गोदामातून त्यांच्याबरोबर आलेले ते दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते आणि ते कोणाचे आहेत हे तपासत असावेत तसे त्यांच्याकडे बघत होते. माझ्यासमोर त्यांना लाज वाटत होती. माझ्यासमोर. टेप लावून बघा असं ते का म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं. एकतीस वर्षं घडी घालणारा माणूस उगीच टेप मागत नाही. त्यांना स्वतःच्या हाताची शंका होती आणि ती त्यांनी, पोरीच्या नोकरीवर बेतू नये म्हणून, स्वतःचा मान बाजूला ठेवून बोलून दाखवली होती. आणि मला आमच्या नाकांची पडली होती.

मी तिथे बोलायला हवं होतं. आबा, मी खोटं बोलले, एवढे चार शब्द. ते त्यांना माहीतच होते, तरीही बोलायला हवे होते. माझ्याच्यानं झालं नाही. मी हात धुवायला उठले आणि मोरीत नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, तोंड गार होईना.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला निघाले. त्यांच्या वेळेला.

चेतनसर घाटावर आधीच आले होते. ठाकोरकाका बोटीतलं पाणी उपसत होते. मी सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिले, कारण बसले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"टेप लावा असं त्यांनी मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोनदा सांगितलं. मी लावली नाही आणि फॉर्मवर होय लिहिलं. काल मी खोटं बोलले. आणि ते माझे वडील आहेत."

ठाकोरकाकांनी पाणी उपसायचा डबा खाली ठेवला.

"ए तो अमने पहेला दिवसथी खबर छे, बेन," ते म्हणाले. पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे. "बेउना डब्बामां रोज एकज शाक."

दोन्ही डब्यांत रोज एकच भाजी. चपाती आणि भाकरी वेगळी करताना मला भाजी आठवली नव्हती. सोमवारी भरीत तर दोघांकडे भरीत, मंगळवारी मेथी तर दोघांकडे मेथी, वरून तोच ठेचा. तीन महिने मी बोटीच्या पुढच्या टोकाला सरांबरोबर जेवत होते आणि आबा मागच्या टोकाला काकांबरोबर, आणि अख्ख्या बोटीला मेथीचा वास येत होता.

"सर, तुम्हालाही?"

"मलाही," सर म्हणाले. "म्हटलं, असेल काही कारण, सांगेल आपणहून. काल साखळी काढली तेव्हा वाटलं, आता सांगेल. तू भिकनभाई म्हणालीस." ते नदीकडे वळले. "आणि मी त्यांना जा म्हणालो. तेव्हा तरी सांगशील म्हणून थांबलो होतो."

म्हणजे काल घाटावर फसलेलं कोणीच नव्हतं. तिघंही जण बघत होते, मी माझ्या बापाला कुठवर नाकारते ते. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं मला वाटलं, पण मी उभी होते ती पायरी दगडाची होती आणि सरांना पुढचं काम होतं.

माझ्या नावानं ताकिदीचं पत्र निघालं, ते निघायलाच हवं होतं. सरांनी पुलाच्या लोकांना फोन करून चूक कबूल केली, कोणाची ते मात्र सांगितलं नाही. सगळ्या फेऱ्या पुन्हा मारून आकडे दिल्याशिवाय पूल उघडणार नव्हता. "साखळीला खुणा नव्यानं बांधायच्या आहेत," ते मला म्हणाले. "ज्यांनी बांधल्या त्यांनाच आण. आज टेप तू धरायची."

मी तशीच परत डिंडोलीला गेले. आबा ओट्यावर वर्तमानपत्राची घडी घालत होते. मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि घाटावर जे बोलले ते सगळं सांगितलं, काल बोलायचं राहिलेलंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. घडी पूर्ण केली.

"सरनी बलावं शे," मी म्हणाले. "चला."

"भिकनभाई म्हनीसन?"

"नही. आबा म्हनीसन."

ते उठून आत गेले आणि शर्ट बदलून आले. आम्ही एकाच रिक्षानं निघालो. मागची सीट रिकामी असूनही ते ड्रायव्हरशेजारी पुढे बसले. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. हाक मारून मागे बोलवावंसं वाटलं आणि बोलवलं नाही, उधना दरवाजा आला तरी बोलवलं नाही.

घाटाच्या पायरीवर साखळी पसरली. जुन्या चिंध्या आबांनी स्वतःच सोडल्या. मी टेपचं एक टोक धरलं, ते दुसऱ्या बाजूला बसले, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ. चेतनसर वरून बघत होते. आबांचा हात साखळीवरून सरकत जायचा आणि आपोआप थांबायचा, एक बोट अलीकडे. मग ते टेपकडे बघायचे, अंगठ्यानं ते एक बोट पुढे सरकवायचे आणि गाठ मारायचे. दहाच्या दहा वेळा हात अलीकडेच थांबला. एकदाही चुकून बरोबर जागी गेला नाही.

"आबा, टेप जरा सरळ धरा," मी मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, हे कबूल करते.

"हां, मॅडम," ते म्हणाले.

"आबा, मॅडम नका म्हणू आता."

"हां हां," ते म्हणाले आणि ओशाळले. पुढची गाठ मारून झाली. "मॅडम, सात."

ठाकोरकाका पाण्याकडे बघायला लागले. आम्ही बोट काढली. थाळी दहावर सोडली, यंत्रानं जवळजवळ दहाच दाखवलं आणि वेगाचा आकडा चौदाशे नव्वदला येऊन बसला. चौथ्या खांबाचा चौथरा गेल्या वर्षी होता तिथेच होता. खड्डाही होता तेवढाच होता. चार दिवसांनी पूल उघडला. वाल्मिक वेळेवर इच्छापोरला जाऊ लागला, आणि पूल कोणाच्या चुकीमुळे बंद होता हे मी त्याला ओट्यावर बसून सांगितलं. त्याला फारसं काही वाटलं नाही. म्हणाला, व्हस तसं, होतं असं.

पूल उघडला त्या संध्याकाळी आईनं शेवभाजी केली होती. आम्ही दोघं एकाच रिक्षानं घरी आलो होतो, या वेळी दोघंही मागे. मी आत कागद लावत बसले होते. आईनं ताटं वाढली. आबा पाटावर बसता बसता मला हाक मारायला वळले आणि म्हणाले, "मॅडम, जेवाले चला."

आई हसली. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. आबा थट्टा करत नव्हते. ते हातात तांब्या घेऊन तसेच थांबले, आणि नऊ मीटर ऐंशीवरच्या गाठीकडे बघताना जो चेहरा झाला होता तोच पुन्हा झाला. माझं नाव त्यांनी ठेवलेलं, गल्लीभर मिरवलेलं, ते त्यांच्या जिभेवर येता येता एक बोट अलीकडे थांबलं होतं. तीन महिने रोज सकाळी नुसती मान हलवून ती खुंटी मीच आत ठोकली होती.